मी बसू का जरा?

मनोरुग्ण विभागातला माझा पहिला दिवस बादलीने सुरू झाला. एक धिप्पाड माणूस पलंगावर उभा होता, दोन्ही हातांत पाण्याने काठोकाठ भरलेली बादली, आणि जो कोणी पुढे येईल त्याच्या टाळक्यात ती घालणार असं तो जाहीर करत होता. मी त्याआधी अकरा वर्षं शस्त्रक्रिया विभागात काढली होती. तिथे पेशंट भूल देऊन आडवे केलेले असतात आणि उलट बोलत नाहीत. माझ्यासारख्या तापट बाईला ते मानवलं होतं. मी दारातूनच माझ्या सगळ्यात खणखणीत आवाजात ओरडले, "खाली उतरा आधी! हे हॉस्पिटल आहे!" त्याला ते रेल्वे स्टेशन वाटत असावं अशा थाटात. उत्तरादाखल अर्धी बादली माझ्या अंगावर आली.

मी नखशिखान्त भिजून उभी असताना मागून एक बारकेला माणूस आला. निळा गणवेश, डोक्यावर मोजके केस, बाहेर आलेले कान आणि हातात एक बुटकं लाकडी स्टूल. त्याने मला हाताने बाजूला केलं, सिस्टर असले तरी केलं. स्टूल पलंगापासून दोन हात लांब, जरासं तिरकं ठेवलं, दाराची वाट मोकळी राहील असं. मग त्या राक्षसाकडे बघून म्हणाला, "दादा, मी बसू का जरा? गुडघे दुखतात."

तो माणूस गोंधळला. "बस," तो म्हणाला. आता बादली डोक्यावर धरलेला माणूसही दारात आलेल्याला बस म्हणतो, कारण ती सवय वेड लागलं तरी सुटत नाही. हा बसला. बसल्यावर मिनिटभर आपले गुडघे चोळत राहिला. मग म्हणाला, "जड असेल."

"आहे."

"खाली ठेवलीत तरी तुमचीच राहील. मी हात लावणार नाही."

बादली हळूच गादीवर आली. "काय हवंय तुम्हाला?" ह्याने विचारलं. तो म्हणाला, "ते पट्टे लांब न्या." तेव्हा मला दिसलं की पलीकडे एक कर्मचारी हातपाय बांधायचे जाड कापडी पट्टे घेऊन भिंतीला चिकटून उभा होता. पट्टे गेले. "आता चहा आधी घेता की औषध आधी?" ह्याने विचारलं. तो म्हणाला, चहा. आणि माझ्याकडे बोट दाखवून पुढे म्हणाला, "आणि ह्या बाईंना कुणी तरी टॉवेल द्या, भिजल्यात बिचाऱ्या."

स्टूलवाल्या माणसाला सगळा वॉर्ड मामा म्हणे. बादलीवाला होता शाळेत भूगोल शिकवणारा, त्याला सगळे मास्तर म्हणत. आणि बिचारी मी. पुढची साडेआठ वर्षं आम्ही तिघं एकमेकांच्या नशिबी होतो. मास्तर अधूनमधून, कारण त्यांची दोन-दोन वर्षं उत्तम जायची आणि मग डोकं फिरायचं.

मामा साधे वॉर्ड अटेंडंट. कागदोपत्री त्यांचं काम म्हणजे पेशंटची ने-आण, साफसफाई आणि वरिष्ठ सांगतील ते इतर. ह्या 'इतर'मध्ये आख्खा वॉर्ड मावत होता. स्टूल त्यांचं स्वतःचं. भंगारात पडलेलं उचलून, पाय कापून त्यांनी ते इतकं बुटकं केलं होतं की त्यावर बसल्यावर ते पलंगावर बसलेल्या माणसाच्याही खाली येत. वरून बोललं की भांडण वाढतं, म्हणायचे. मग कुणी फेकून मारू नये म्हणून खालून लोखंडी पत्रा ठोकला. वजन झालं अकरा किलो. एकाने एकदा ते उचलायचा प्रयत्न केला तेव्हा त्याचीच कंबर धरली आणि दोन दिवस मामाच त्याला शेक देत बसले होते.

त्यांच्या हाताखाली मी शिकले असं म्हणायला मला आता लाज वाटत नाही, तेव्हा वाटायची. मी सिस्टर, ते अटेंडंट. पण कुणी खवळलं की मला आधी मामा आठवायचे आणि मग माझं शिक्षण. त्यांचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, माझ्या चुका होतील तसे ते सांगत. पहिला नियम मला तिसऱ्या दिवशीच कळला, जेव्हा मी एका बाईंना "शांत व्हा, शांत व्हा" म्हणत होते आणि त्या माझ्या टोपीचे तुकडे करत होत्या.

"सिस्टर," मामा नंतर म्हणाले, "तुम्हाला घरी कुणी 'शांत हो' म्हणालं तर तुम्ही होता का?"

मला माझा नवरा आठवला. त्याने हा प्रयोग लग्नानंतर एकदाच केला होता. "नाही," मी म्हटलं.

"मग?"

दुसरा नियम, एका वेळी एकानेच बोलायचं. बाकीच्यांनी मागे उभं राहायचं, हात दिसतील असे, आणि तोंड बंद. माझ्यासाठी हा सगळ्यात अवघड. मग असं की जे देता येणार नाही ते कबूल करायचं नाही. 'उद्या घरी सोडतो' म्हणून आजची वेळ मारून नेणाऱ्या डॉक्टरांवर मामा मनातून फार चिडत, कारण उद्या सकाळी वॉर्डात डॉक्टर नसत, मामा असत. आणि नेहमी दोन गोष्टींतून निवड करू द्यायची. गोळी की पातळ औषध, इथे बसता की खिडकीपाशी. ज्या माणसाच्या हातात काहीच उरलेलं नाही त्याच्या हातात तेवढं तरी येतं. इंजेक्शन ह्या सगळ्याच्या नंतर, आणि पट्टे अगदी शेवटी.

पण ह्या सगळ्याच्याही आधी मामांचं एक असायचं, आधी अंग बघा, मग डोकं. हे मी एका आजोबांमुळे शिकले. आजोबा सकाळपासून शिव्या देत येरझाऱ्या घालत होते. मुलगा सांगत होता की दोन दिवसांत अचानक वेड लागलं, आमच्या घराण्यात असं कुणी नाही हो. डॉक्टर इंजेक्शन लिहायला बसले. मामा स्टुलावर बसून आजोबांचे पाय बघत होते. मग उठून माझ्या कानाशी म्हणाले, "सिस्टर, हे गुडघे जुळवून चालतायत. लघवी झाली का विचारा."

झाली नव्हती. आदल्या दिवसापासून तुंबली होती आणि संकोचामुळे ते कुणाला सांगत नव्हते. नळी घातली, लिटरभर लघवी निघाली आणि लगेच पलंगावर एक सज्जन गृहस्थ प्रकट झाले. त्यांनी मुलाला विचारलं, "ह्या बाई कोण? फार चांगल्या आहेत." वेड म्हणे! घराण्याची अब्रू एका नळीने वाचली. तेव्हापासून कुणीही ओरडत आलं की आम्ही आधी ताप, साखर, लघवी, डोक्याला मार, दारू कधी सुटली, सगळं बघायचो. निदान मी तरी तसं समजत होते.

दर वेळी जमायचं असं मात्र नाही. मामांचा समोरचा एक दात ह्याच कामात गेला होता. कधी कधी माणूस इतका पुढे गेलेला असायचा की त्याला शब्द ऐकूच यायचे नाहीत आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायच्या आत त्याला धरावं लागायचं. पट्ट्यांचं कपाट माझ्या टेबलामागे होतं आणि किल्ली माझ्या कमरेला. सात वर्षांत ते नऊ वेळा उघडलं. दर वेळी मामा त्या बांधलेल्या माणसाशेजारी स्टूल टाकून बसून राहिले. पट्ट्याखाली बोट जातंय का बघत, पाणी पाजत, काय चाललंय ते सांगत, आणि माणूस जरा सैल पडला की पहिला पट्टा स्वतः सोडत. त्या दिवशी ते डबा उघडत नसत. मीही त्या दिवशी घरी जाऊन भांडत नसे, यावरून काय ते समजा.

मास्तरांचा ह्या पट्ट्यांशी जुना हिशेब होता. आमच्याकडे यायच्या आधी त्यांना दुसरीकडे कुठे तरी दोन दिवस सलग बांधून ठेवलं होतं. कुणी सोडायला विसरलं, की कुणाची पाळी बदलली, कुणास ठाऊक. दोन्ही मनगटांवर वण होते. बरे असताना मास्तर इतके सभ्य, की वॉर्डातल्या पाट्यांवरच्या चुका पेन्सिलीने सुधारून खाली 'क्षमस्व' लिहायचे. पण कितीही उकडत असलं तरी शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून बंद. आणि वॉर्डात आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, "मामा आहेत ना?" मामा आहेत म्हणजे पट्टे कपाटात आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

असे हे मामा घरी मात्र साफ निष्प्रभ होते. ही गोष्ट मला मामींनीच सांगितली. अंगाने मामांच्या दीडपट आणि आवाजाने माझ्या दीडपट. एकदा त्या कशावरून तरी संतापल्या होत्या, तर मामा घरात स्टूल नसल्यामुळे पाट घेऊन दोन हात लांब बसले आणि म्हणाले, "तू रागावलेली दिसतेस."

"दिसते? इतक्या वर्षांनी दिसलं का एकदाचं? आणि एवढे लांब का बसलात? मी काय चावते?"

"बरं, तुला काय हवंय?"

"मला हवंय की तुमचं वॉर्डातलं नाटक वॉर्डात ठेवा आणि तो गळका नळ दुरुस्त करा!"

"आज करू की उद्या?" मामांनी निवड दिली.

त्यानंतर काय झालं ते मामींनी सांगितलं नाही, पण मामा दुसऱ्या दिवशी नळाच्या चक्त्या घेऊन कामावर आले होते.

मामांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं असताना वरून एक परिपत्रक आलं. मनोरुग्ण विभागांत सुरक्षा वाढवायची होती. खवळलेल्या पेशंटला मोजायचा एक तक्ता आला. नऊ प्रश्न, प्रत्येकाला एक गुण. ओरडतो का, हातात वस्तू आहे का, सूचना पाळत नाही का, असे. पाच गुण भरले की ताबडतोब पट्टे. त्यासाठी पट्टे कपाटात न ठेवता प्रत्येक पलंगाला कायमचे अडकवून ठेवायचे. फेकता येण्याजोग्या सगळ्या वस्तू वॉर्डातून हलवायच्या. आणि पंचावन्नच्या पुढच्या अटेंडंटना भांडारात पाठवून त्यांच्या जागी दणकट माणसं नेमायची. मामा अठ्ठावन्न वर्षांचे होते.

मी वाचलं आणि माझं डोकं फिरलं. चार पानी पत्र लिहिलं, त्यातली दोन पानं आमच्या डॉक्टरांनी काढून टाकली, कारण त्यांच्या मते ती वाचून आधी मलाच पट्टे लागले असते. उरलेल्या दोन पानांचा एवढा उपयोग झाला की तपासणी अधिकारी स्वतः येऊन एक दिवस वॉर्ड बघतील आणि मग ठरवतील, असं उत्तर आलं. गुरुवारी, सकाळी दहा वाजता.

म्हणजे सगळं त्या एका गुरुवारावर आलं. साहेबांना पटलं तर मामा वॉर्डात आणि पट्टे कपाटात. नाही पटलं तर मामा भांडारात चादरी मोजत आणि पट्टे पलंगापलंगाला. मास्तर तेव्हा आमच्याकडेच होते, बरे होऊन त्याच गुरुवारी घरी जायचे होते. त्यांनी परिपत्रक माझ्या टेबलावर उलटं पडलेलं वाचलं. पाट्या वाचणारा माणूस, उलटंही वाचायचा. त्यात शुद्धलेखनाच्या सहा चुका होत्या आणि त्यांनी एकही सुधारली नाही. तेव्हाच मला कळलं की ते किती घाबरलेत.

आता त्या गुरुवारी सकाळी मामांच्या घरी काय झालं ते ऐका. धोबीखान्याने मामांचा गणवेश म्हणून जो परत पाठवला होता तो निघाला हॉस्पिटलच्या स्वयंपाक्याचा. त्यात दोन मामा मावले असते. साहेब येणार, म्हणून मामींनी ट्रंकेतून मामांचा ठेवणीतला शर्ट काढला. पिवळाधमक, मोठ्या चौकड्यांचा, जावयाच्या घरी जायचा. मामा नको म्हणाले, मामी घालाच म्हणाल्या. ह्या चर्चेत डबा टेबलावर राहिला. मामांना साखरेचा आजार. गोळी घेतली आणि पोटात काही न जाता साडेसहालाच वॉर्डात येऊन कोपरे पुसायला लागले. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त शर्ट पाहिला आणि हसले.

नऊ वाजता मामा दुसऱ्या मजल्यावर एका पेशंटला एक्स-रेला घेऊन गेले आणि तेवढ्यात भांडाराची दोन माणसं आली. हातात परिपत्रक. फेकता येण्याजोग्या वस्तू. मी फोनवर होते. त्यांनी फुलदाणी नेली, घड्याळ नेलं आणि दोघांनी मिळून, कण्हत-कुंथत, मामांचं स्टूल नेलं. दोन माणसांना जे उचलवेना ते फेकता येण्याजोगं कसं, हे त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही फोन ठेवल्यावर सुचलं.

मामा परत आले. स्टुलाच्या जागी फरशीवर चार गोल डाग होते.

सात वर्षांत मी त्या माणसाचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "माझं स्टूल कुठंय?" ते इतक्या जोरात ओरडले की बाहेरच्या रांगेतले दोन पेशंट आपण होऊन घरी निघाले. मी सांगायला लागले तर "कुणी हात लावला?" करून त्यांनी फरशी पुसायच्या बादलीला लाथ मारली. बादली पाणी सांडत गडगडत पलंगाखाली गेली. मग भांडारवाल्यांनी भिंतीला चिकटवलेलं परिपत्रक फाडून त्याचे चार तुकडे केले आणि फरशी पुसायची काठी उचलून पलंगावर चढले. "या! कोण येतो भांडारात न्यायला, या!"

आणि आम्ही काय केलं? मी ओरडले, "मामा, शांत व्हा!" डॉक्टर पलीकडून धावत आले आणि म्हणाले, "शांत व्हा, मामा!" तिघं अटेंडंट तीन बाजूंनी पुढे सरकले. त्यातला एक दारात उभा राहिला, दुसरा म्हणाला साहेब आले तर काय म्हणतील, तिसऱ्याने उद्या तुमचं स्टूल मिळेल म्हणून ठोकून दिलं. सात वर्षांत शिकलेलं सगळं आम्ही मिनिटभरात धुळीला मिळवलं. काठी माझ्या कानाजवळून गेली. आणि मी, ही मी, माझा हात कमरेच्या किल्लीकडे गेला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"सगळे मागे व्हा," कुणी तरी म्हणालं. "एकच जण बोलेल."

मास्तर होते. घरी जायचं म्हणून पांढरा शर्ट, पांढरी पँट, नीट भांग, खिशाला पेन. भाऊ न्यायला येणार म्हणून पिशवी घेऊन बाकावर बसले होते. त्यांनी पिशवी बाकावरच ठेवली, अटेंडंटला बोटाने दारातून हलवलं आणि पलंगापासून दोन हात लांब, जरासे तिरके उभे राहिले. शर्टाच्या बाह्या त्यांनी कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. रिकामे हात वर करून दाखवले. ते वण मी पहिल्यांदाच उजेडात पाहिले.

"मामा, मी बसू का जरा?"

मामा काठी धरून थबकले. "बस," ते म्हणाले.

स्टूल नव्हतं. मास्तर आपल्या पांढऱ्या पँटसह ओल्या फरशीवर मांडी घालून बसले. आम्ही सगळे मागे सरकलो, हात दिसतील असे, मीसुद्धा.

"काय हवंय तुम्हाला?"

"माझं स्टूल."

"बरोबर आहे. मलाही राग आला असता. ते आणून देणं माझ्या हातात नाही, पण सिस्टर आत्ता भांडाराला फोन करतील. करतील ना?" मी मान हलवली. मास्तर मामांचे हात बघत होते. "मामा, काठी थरथरतेय तुमची. आणि एवढा घाम? पंखा तर डोक्यावर आहे." मग माझ्याकडे न वळता, त्याच आवाजात, "सिस्टर, आधी अंग बघा. ह्यांनी सकाळपासून काही खाल्लंय का?"

साखरेची गोळी घेणारा माणूस, घामाने भिजलेला, हात कापतायत, भलतंच बोलतोय, आणि आम्ही, एक डॉक्टर आणि एक अठरा वर्षं नोकरी झालेली नर्स, त्याला शांत व्हा म्हणत होतो. "मामा," मास्तर म्हणाले, "चहा आधी घेता की खाली उतरता आधी?"

मामांनी जरा विचार केला. "चहा," ते म्हणाले. आणि काठी मास्तरांच्या हातात देऊन पलंगावर बसले. मी त्यांच्या बोटाला सुई टोचली. साखर अठ्ठेचाळीस भरली, सत्तरच्या वर हवी ती. चार चमचे साखर घातलेला चहा, वर बिस्किटं, पुन्हा तसाच चहा. पाव तासाने मामांनी आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, "हे कागद कुणी फाडले?"

दारात कुणी तरी खाकरलं. पायात चकचकीत बूट, हातात तक्ता, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. तपासणी अधिकारी वीस मिनिटं लवकर आले होते आणि त्यांनी व्हरांड्याच्या काचेतून सगळं पाहिलं होतं, शब्द मात्र काचेपलीकडे पोचले नव्हते.

"सिस्टर," ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा पिवळ्या शर्टातला पेशंट. मी गुण दिले. नऊपैकी आठ. नियमाने पहिल्याच मिनिटाला पट्टे लागायला हवे होते." मग त्यांनी पेन्सिलीने मास्तरांकडे दाखवलं. "पण ते तुमचे पांढऱ्या गणवेशातले कर्मचारी! असं काम मी कुठे पाहिलेलं नाही. तुम्ही पत्रात लिहिलेले मामा हेच ना? सांगायची गरज नाही, दिसतंच. हा माणूस असेल तर ह्या वॉर्डात पट्टे कपाटात राहू देत, असं मी लिहितो." आणि पेन्सिल टेकवली.

आता मी गप्प बसले असते तर सगळं झालं होतं. मामा वाचले, पट्टे टळले. खरं सांगितलं तर पलंगावर चढून काठी फिरवणारा माणूसच तो मामा, हे त्यांच्या कागदावर जाणार. मी गप्प बसायचं ठरवलंही होतं. पण माझी जीभ माझं ऐकत असती तर माझ्या आयुष्यात बरंच काही वेगळं झालं असतं.

"साहेब, तो पेशंट नाही," मी म्हटलं. "पिवळा शर्ट म्हणजे आमचे मामा. उपाशी होते, साखर उतरली होती. तुमच्या तक्त्याने आठ गुण देऊन त्यांना बांधलं असतं, आणि बांधलेल्या माणसाला चहा कोण देतं? अर्ध्या तासात ते बेशुद्ध पडले असते, आणि आम्ही म्हणालो असतो, झाले एकदाचे शांत!"

साहेबांनी तक्त्याकडे बघितलं. नऊही रकाने वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचले. "साखरेचा रकाना नाहीये ह्यात," ते हळू आवाजात म्हणाले. माणूस वाईट नव्हता. तक्त्यावर विश्वास ठेवणारा होता, इतकंच. "मग ते पांढऱ्या कपड्यांतले?"

"ते पेशंट."

साहेब चालत मास्तरांपाशी गेले. मास्तर ओल्या पँटने बाकावर बसून पिशवीचा बंद बांधत होते. "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

मास्तरांनी, जणू फळ्यावरच्या नकाशाकडे दाखवावं तसं, पलंगाकडे बोट दाखवलं. मामांच्या पिवळ्या शर्टावर बिस्किटाचा चुरा पडला होता आणि ते तिसरा चहा फुंकत होते.

"ह्या पेशंटनं," मास्तर म्हणाले. "मी बादली घेऊन उभा होतो तेव्हा."

मला रडू आलं. सगळ्यांच्या देखत आलं आणि मी ते लपवलं नाही. मामा वैतागून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही बसा आधी. काही खाल्लंय का सकाळपासून?"

साहेब दिवसभर थांबले. पंधरा दिवसांनी सुधारित तक्ता आला. सगळ्यात वर एक नवा रकाना होता, 'अंग तपासले काय?', आणि तो भरल्याशिवाय पुढचे गुण द्यायचे नाहीत अशी तळटीप. पट्टे कपाटातच, मामा वॉर्डातच. स्टूल त्याच दिवशी दुपारी परत आलं होतं, पुन्हा दोन माणसांच्या खांद्यावर. मामींना हे सगळं कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "डबा विसरून जायचं आणि वर साहेबांकडून तक्ते बदलून घ्यायचे!" पण त्यानंतर डबा पोचवायला त्या स्वतः येऊ लागल्या आणि मामा समोर बसून शेवटचा घास खाईपर्यंत हलत नसत. हातात काठी असलेल्या माणसालाही मामा एवढं घाबरत नसत.

मामा निवृत्त झाले, स्टूल वॉर्डाला ठेवून गेले. घरी पाट आहे, म्हणाले. मागच्या वर्षी मीही निवृत्त झाले. माझ्या जागी आलेल्या सिस्टरला किल्ल्या दिल्या तेव्हा तिने मागच्या, पट्ट्यांच्या कपाटाची किल्ली लावून बघितली. ती फिरेना. "गंजलंय वाटतं कुलूप," ती म्हणाली. "तेल घालावं लागेल. शेवटचं कधी उघडलं होतं?"

मला पटकन आठवेना. मी म्हटलं, "घालू तेल. आधी बसा तुम्ही," आणि पायाने स्टूल पुढे सरकवायला गेले, ते अर्थातच हललं नाही. ती जाऊन बसली आणि मान वर करून बघत हसली.

"सिस्टर, इथून तुम्ही केवढ्या उंच दिसता. भीतीच वाटते."

मग मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. माझेही गुडघे आता दुखतात.